अनुसयेचे उसने

तार दुपारी आली. वर्तमानपत्राच्या कचेरीत दुपारी येणारी तार म्हणजे बातमी असेच धरून चालतात. शिपायाने ती युद्धाच्या तारांच्या गठ्ठ्यात माझ्या टेबलावर ठेवली आणि मी सवयीने हातात पेन्सिल घेऊनच उघडली. देवरी हे नाव दिसले तेव्हा वाटले, पुराची बातमी असेल. मजकूर इंग्रजीत होता. तिथल्या शाळेच्या हेडमास्तरांनी कळवले होते की अनुसयाबाई आज सकाळी मुदतीच्या तापाने वारल्या, ताबडतोब निघावे. यातला 'ताबडतोब' कमी करता येईल, असे मनात येऊन गेले आणि पेन्सिल त्या शब्दावर टेकलीही... मग ते नाव माझ्या बहिणीचे आहे हे समजले. ती तार अजून माझ्याजवळ आहे. त्या शब्दावर पेन्सिलीचा ठिपका आहे.

या गोष्टीला आता सात आठवडे झाले. अनुसया कुणी प्रसिद्ध बाई नव्हती. देवरीच्या शाळेत ती मुलींना शिकवत असे. ज्या मुली घरी गोंडी किंवा छत्तीसगढी बोलत, त्यांना मराठी वाचायला आणि हिशेब करायला लावत असे. तिच्यावर कुणी लेख लिहावा असे काही तिच्या हातून घडले नाही, असे ती स्वतःच म्हणाली असती. तरीही मी लिहितो आहे, कारण तिच्याविषयी आमच्या गावात एक चुकीची गोष्ट खरी मानली जाते आणि ती चूक पसरवण्यात माझा हात आहे.

आमचे गाव नवेगाव बांधच्या अलीकडे. आमचे घराणे तलाव बांधणाऱ्यांचे. गावचा तलाव पणजोबांच्या हातचा, आणि पाण्याची वाटणी अजून वडिलांकडे आहे. कोणाच्या धानाच्या बांधीत कधी आणि किती पाणी सोडायचे हे बाबा ठरवतात. त्याबद्दल गावात वाद झालेला मला आठवत नाही. माय आमच्या लहानपणी गेली. मी अनुसयेहून दोन वर्षांनी मोठा. मी नागपूरच्या कॉलेजात जायचे ठरवले तेव्हा एका नातलगाने बाबांना सुचवले होते की पोराला उसने म्हणून पैसे द्या, म्हणजे तो जपून वापरेल आणि कमावू लागला की परत करेल. बाबा म्हणाले, पाणी कोणी उसने देत नसते, बांधीला लागते तेवढे सोडायचे. त्यांनी चार वर्षे माझी फी, खोली आणि खाणावळ भरली. मी बी.ए.च्या परीक्षेत नापास झालो, पुन्हा बसलो नाही, आणि एका दैनिकात लागलो. बाबांनी एका शब्दाने विचारले नाही. ज्याला दिले त्याच्याकडे हिशेब मागायचा नसतो, एवढेच त्यांचे धोरण होते, आणि ते चांगले होते. ते फक्त माझ्यासाठी चांगले होते, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

अनुसया मराठी सातवी चांगल्या गुणांनी पास झाली होती. नागपुरात मास्तरणींसाठी दोन वर्षांचे ट्रेनिंग होते. गावात त्यालाही सगळे कॉलेजच म्हणत. तिला तिथे जागा मिळाली, पण शिष्यवृत्तीच्या जागा आधीच भरल्या होत्या. खर्च घरून व्हायचा होता. युद्धाच्या बऱ्याच आधीचा तो वैशाख. तलावाच्या पाळीचे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधाचे, काम चालू होते. दर उन्हाळ्यात प्रत्येक घरचे माणूस पाळीवर माती टाकायला येते आणि आमच्या घरचे आधी येते, असा रिवाज आहे. मी सुट्टीवर होतो. अनुसया दुपारची भाकर घेऊन आली, बाबांसमोर ठेवली, आणि ते जेवत असताना तिने विषय काढला. बाबांचा नकार नव्हताच. उलट त्यांनी आधीच ठरवून ठेवले होते. तिच्या लग्नासाठी म्हणून बाजूला टाकलेले पैसे होते, ते शिकायला लाव म्हणाले. लग्नाचे पुढे पाहू. आमच्या भागात त्या काळी एखादा बाप मुलीसाठी इतके करीत असेल असे मला वाटत नाही. माती टाकणारी दोन-चार माणसेही थांबून ऐकू लागली. अनुसया म्हणाली,

"मले देऊ नका बाबा. उसने द्या."

बाबा हसले. "बापापासून कोनी उसनं घेते काय? तुया भावानं घेतलं काय?"

"भावाले पुढं कोनी काही इचारनार नाही. मले इचारतील. बापानं एवढं केलं, आता बाप म्हनते तिथं लगन कर म्हनतील." ती बाबांच्या पानात चटणी वाढत हे बोलत होती, आवाज अजिबात न चढवता. "उसनं फिटते. तुमी देल्लं का ते फिटत नाही."

पाळीवर कुणीतरी म्हणाले की पोरगी आताच मास्तरीण झाली, ट्रेनिंगले कायले पाठवता, आणि सगळे हसले. बाबाही हसले. बरं, उसनं समज, म्हणाले. त्यांनी तो शब्द लहान मुलाचा हट्ट पुरवावा तसा दिला. अनुसयेने तो दस्तऐवजासारखा घेतला.

ती दोन्ही वर्षे पहिल्या पाचांत राहून पास झाली आणि देवरीला नेमणूक झाली. पहिला पगार हातात पडला त्याच आठवड्यात तिने बाबांच्या नावे मनिऑर्डर केली. डाकवाला ती घेऊन पाळीवर आला. बाबांनी सही केली नाही. लेकीचे पैसे घेत नसतात, परत पाठव, म्हणाले. मनिऑर्डर परत गेली. पुढच्या महिन्यात पुन्हा आली, पुन्हा परत गेली. असे जवळजवळ वर्षभर चालले. डाकवाला मोठा बोलका माणूस. तो म्हणायचा, "पाटील, तुमी घ्या का नका घेऊ, पन बाई कमिशन देऊ देऊ आमचं डाकखानं चालवून राहिली." हा विनोद अर्जुनीच्या बाजारापर्यंत गेला. बाबांना तो आवडत नसे.

बाबांचे म्हणणे समजण्यासारखे होते. मुलगी दिलेल्या घरी बाप पाणीसुद्धा पीत नाही. नातवंड झाले की मग पितो. हे आमच्याकडे सगळेच पाळतात. अनुसयेचे लग्न झाले नव्हते, तेव्हा हा नियम तिला लागू नव्हता. पण बाबांनी तो आधीच लावून टाकला होता. ते वर्षातून एकदा नवे तांदूळ घेऊन बैलगाडीने, चिचगडच्या वाटेने, दीड दिवसाचा प्रवास करून देवरीला जात. शाळेला लागून असलेल्या तिच्या खोलीबाहेर ओट्यावर बसत. ती पितळी तांब्या भरून त्यांच्यापुढे ठेवी. बाबा त्याला हात लावत नसत. वाळक्या दुधी भोपळ्याचा तुंबा त्यांच्या गाडीला टांगलेला असे, त्यात घरून आणलेले पाणी असे, तेच ते पीत. ते निघाले की अनुसया तो भरलेला तांब्या दारातल्या गोडनिंबाच्या रोपट्याला ओतून टाकी. मी एकदा बरोबर होतो तेव्हा तिला म्हणालो की ठेवतेस कशाला, ते पिणार नाहीत हे माहीत आहे तुला. ती म्हणाली, पाहुण्यापुढे पाणी ठेवायचे असते.

तिच्या लग्नासाठी स्थळे येत होती. ती म्हणे, आधी माझे उसने फेडून घ्या, मग बोलू. बाबा म्हणत, लग्नाआधी लेकीचे पैसे घेतले तर बाप लेकीच्या कमाईवर जगतो म्हणतील, मग स्थळ कोण आणेल? आणि लग्नानंतर तर घेताच येणार नाहीत. दोघांचेही बोलणे आपापल्या जागी बरोबर होते आणि त्यातून बाहेर पडायला वाट नव्हती. पैसे घेतले तर ती लग्नात द्यायची मुलगी राहणार नाही, हे बाबांना कुठेतरी कळत असावे. घेतले नाहीत तोवर तिचे लग्न अजून व्हायचे आहे असे धरता येत होते... माझी अशी समजूत आहे. त्यांना मी कधी विचारले नाही.

युद्ध सुरू झाले त्या सुमाराची गोष्ट. अनुसया आणि मी गोंदियाच्या स्टेशनवर भेटलो. मी गावी निघालो होतो. ती आमगावच्या मोटारीतून उतरून मुद्दाम आली होती. छोट्या रुळांच्या गाडीला उशीर होता. एक हमाल येऊन "बाबूजी, घंटाभर तो बैठो" असे सांगून गेला. अनुसयेने पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली आणि माझ्यापुढे ठेवली.

"भाऊ, तुई फी बाबानं भरली होती ना? तं तू फेड."

मी म्हणालो की बाबांनी मला उसने दिले नव्हते, आणि माझा पगार त्यांना द्यावा एवढा नाही.

"पैसे माये हायेत," ती म्हणाली. "नाव तुयं सांग. पोरानं देल्ले तं बाबा घेतील."

मी नको म्हणालो, पण फार वेळ नाही. हे इथे लिहून ठेवणे आवश्यक आहे. मला ते सोयीचे होते. नापास होऊन आलेल्या मुलाने बापापुढे पैसे ठेवण्याची कल्पना मला आवडली. मी तिला विचारले की बाबांना कळणारच नसेल तर तुला काय मिळणार? ती म्हणाली, फिटले म्हणजे झाले, फिटल्याचे मला कळले म्हणजे पुरे. ते तिला खरेच पुरेल असे तिला तेव्हा वाटत होते.

बाबांनी ते पैसे घेतले. पेपरवाल्याले एवढा पगार भेटते काय, असे एकदा म्हणाले आणि मग देवापुढे ठेवले. पुढे तीन वर्षे, गावी जाईन तेव्हा, मी अनुसयेने दिलेली पुरचुंडी बाबांच्या हाती देत गेलो. शेवटची दिली त्या दिवशी मी "आता फिटले" म्हणालो, तर ते म्हणाले की तुझे काही नव्हतेच, तुला तर मी दिले होते. पण त्यांना आनंद झाला होता. न मागता पोरगा बापाचे कॉलेजाचे पैसे परत करतो, ही गोष्ट त्यांनी पाळीवर सांगितली, बाजारात सांगितली, सोयऱ्यांत सांगितली. मुलांना कर्ज देऊन शिकवावे असे म्हणणाऱ्या त्या नातलगालाही सांगितली. पोरावर सोडून दिले की पोरगा आपणच आणून देतो, असा त्याचा बोध काढला. मी ते सारे ऐकत असे. एकदाही दुरुस्त केले नाही. जिचे देणे होते तिचे घेतले नाही आणि ज्याचे काही देणे नव्हते त्याचे घेऊन कौतुक केले, एवढेच त्यात घडले होते.

गेल्या जेठात मी देवरीला तिच्याकडे दोन दिवस राहिलो. ती शेवटची भेट ठरली. त्या दिवसांत आमच्या दैनिकात वाचकांचा एक वाद चालू होता: मुलांच्या कॉलेजचा खर्च आईबापांनी करावा, की मुलांनी कर्ज काढून शिकावे. ती पत्रे निवडून, कापून छापण्याचे काम माझे होते. फुकट मिळालेल्या शिक्षणाची किंमत राहत नाही, असे कुणी लिहीत. कुणी लिहीत की बापाने मुलाला ऋणको करणे हे आपल्या संस्कृतीत बसत नाही. अनुसयेने सगळे अंक जपून ठेवले होते. जेवताना म्हणाली, पत्रे चांगली आहेत, पण एकही मुलीबद्दल नाही. मी म्हणालो, तशी आली नाहीत. ती म्हणाली, आली असती तरी तू कापली असतीस, लांब झाली असती.

नंतर तिने सांगितले ते असे. बाबांनी दुसऱ्या गावच्या एका बिजवर हेडमास्तरासाठी शब्द टाकला होता. ती नाही म्हणाली तेव्हा बाबा, आधी कधी बोलले नव्हते ते बोलले: माये उसने अजून तुया अंगावर हायेत, ते फिटेपर्यंत माया शब्द आयकाले पायजे. ते हसत म्हणाले होते की रागाने, हे तिने सांगितले नाही. तिच्याजवळ उत्तर होते आणि देता येत नव्हते. बापाचे दिलेले अंगावर राहते म्हणून तिने उसने घेतले, आणि फेडूनही ते अंगावर राहिले.

"आता सांग बाबाले," ती म्हणाली. "मले आता कोनाचं नाव नाही पायजे. मायं मले पायजे."

मी दिवाळीला सांगतो म्हणालो. समोरासमोर सांगितलेले बरे, पत्रात नीट येणार नाही, असे कारण दिले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गोष्टी पत्रात नीट बसवणाऱ्याने दिलेले हे कारण होते. खरे कारण, बाबा माझ्याबद्दल पाळीवर जे सांगत ते आणखी चार महिने त्यांनी सांगावे, असे मला वाटत होते. ती म्हणाली, बरं. मोटारीपर्यंत सोडायला आली. कोळशाच्या गॅसवर चालणारी ती मोटार सुरू व्हायला अर्धा तास लागला, तेवढा वेळ ती उन्हात उभी होती.

ती भादव्यात गेली. तार मिळाल्यावर मी निघालो, पण आमगावच्या पुढे नाल्याला पूर होता आणि एक दिवस तिथे गेला. बाबांना निरोप माणसाकरवी पोचला. तेही चिखलातून गाडी हाकीत आले. आम्ही पोचलो तो तिसरा दिवस. अग्नी गावकऱ्यांनी आणि शाळेतल्या मंडळींनी दिला होता. सकाळी राख सावडून आम्ही तिच्या खोलीवर आलो. एक लाकडी पेटी, दोन लुगडी, आमच्या दैनिकाचे अंक, कोपऱ्यात मातीचा माठ आणि त्यावर उपडा घातलेला पितळी तांब्या. शेजारची गोंड बाई रोज माठ भरत असे. तिने त्या सकाळीही भरला होता. बाबा नेहमीसारखे बाहेर ओट्यावर बसले. तुंबा बाजूला ठेवला होता. मी उभ्यानेच त्यांना सांगितले. गोंदियाचे स्टेशन, पुरचुंड्या, तीन वर्षे, सगळे क्रमाने सांगितले, काही गाळले नाही.

बाबा तुंब्याकडे पाहत होते. "सारे तिचे होते?"

"सारे."

"अन् मी गावभर तुयं नाव सांगत फिरलो." मग म्हणाले, "मले काऊन नाही सांगतलं तिनं?"

"तुमी घेतले नसते."

"नसते घेतले," बाबा म्हणाले.

ते उठून आत गेले. मी दारातून पाहत होतो. त्यांनी माठावरचा तांब्या सुलटा केला, माठात बुडवून भरला, बाहेर आणला, आणि ओट्यावर, ती ठेवत असे त्या जागी, आधी नुसता ठेवला. बसले. मग दोन्ही हातांनी उचलून ते पाणी प्याले, पूर्ण, मध्ये न थांबता. तुंब्यातले घरचे पाणी त्यांनी गोडनिंबाला ओतले.

वर्तमानपत्रात चूक छापली गेली तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती देतात. ही दुरुस्ती फार उशिरा येत आहे आणि जिला हवी होती ती वाचणार नाही. माझ्या शिक्षणाचे पैसे मी वडिलांना परत केले, ही गोष्ट खरी नाही. ते पैसे माझी बहीण अनुसया हिचे होते आणि तिने स्वतःच्या शिक्षणासाठी घेतलेले उसने त्यातून फेडले. आईबापांनी द्यावे की मुलांनी कर्ज काढावे, याचा निकाल मला देता येत नाही. मी दोन्हींचा फायदा घेतलेला माणूस आहे.

गेल्या पंधरवड्यात गावी गेलो होतो. धानाला शेवटचे पाणी सोडायचे दिवस. बाबा पाळीवर बसून होते. शेजारी तुंबा नव्हता, तो तांब्या होता. दुपारी डाकवाला आला. आता तोही म्हातारा झाला आहे. तहान लागली म्हणून टेकला आणि म्हणाला, "पाटील, तुंबा कोठं गेला? हा तांब्या कोनाचा?"

"लेकीच्या घरचा," बाबा म्हणाले.

डाकवाल्याने माझ्याकडे पाहिले, मग तांब्याकडे.

"पे," बाबा म्हणाले. "सारं फिटलं तिचं. तू घरोघरी जातेस. कोनी इचारलं तं सांगजो."

डाकवाल्याने तांब्या दोन्ही हातांनी धरला. पाणी प्याला, पिशवी खांद्याला लावली आणि पाळ उतरून गावाकडे गेला. बाबांनी तांब्या पुन्हा भरला आणि हाताशी ठेवला.